कोण कोणास म्हणाले? आणि कोण बोललंच नाही?

मराठी शाळेत चार बुकं शिकलेल्या कुणालाही विचारा, ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न त्याला पाठ आहे. धड्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत द्यायचं, पोरानं बोलणाऱ्याचं नाव लिहायचं, ऐकणाऱ्याचं नाव लिहायचं आणि मार्क घ्यायचे. पिढ्यान् पिढ्या हा प्रश्न विचारला जातो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो कुठल्या प्रश्नपत्रिकेत आलेला मी पाहिला नाही. धड्यात कोण हजर होतं आणि बोललंच नाही? ज्याला वाक्यच दिलेलं नाही त्याच्यावर मार्क कसे देणार? म्हणून तो माणूस परीक्षेत येत नाही, आणि परीक्षेत येत नाही म्हणून पोराच्या डोक्यातही येत नाही.

दुसरा नमुना निबंधाचा. ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’, ‘मी शाळेची घंटा बोलतेय’, ‘मोडक्या खुर्चीचे मनोगत’. म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरून बोलण्याचं शिक्षण आपल्या शाळेत नाही असं नाही. आहेच. पण पोराला घंटेच्या पोटात शिरायला सांगतात, घंटा वाजवणाऱ्या शिपायाच्या नाही. खुर्चीच्या पोटात शिरायला सांगतात, खुर्ची पुसणाऱ्या बाईच्या नाही. वस्तू परवडते. वस्तू उलट प्रश्न करत नाही. शेतकऱ्याचं मनोगत असतं, सैनिकाचं असतं, नाही कसं; पण ते गाईडात आधीच लिहून तयार असतं. त्यातला शेतकरी कर्जाबद्दल बोलतो, सावकाराचं नाव घेत नाही.

धाटावचं पोरगं ‘नदीचे आत्मवृत्त’ लिहायला बसलं की तेही गाईडातलंच लिहितं. मी डोंगरात जन्मले, झुळझुळ वाहते, सर्वांची तहान भागवते. आणि ह्या पोराच्या गावाशेजारून कुंडलिका जाते. तिच्या काठाला रोह्याची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखाने आहेत, सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं झालेल्या आहेत. पोराच्या नाकाला जे कळतं ते त्याच्या वहीत उतरत नाही. कारण वहीतली नदी परगावची आहे. नदीच्या तोंडी गाईडची भाषा घातली की नदीही मुकी होते आणि पोरगंही.

दोस्तहो, हे सगळं सांगायचं कारण असं. आपल्यापैकी बरेच जण विहारात, समाजमंदिरात, वस्तीच्या अभ्यासिकेत पोरं जमवतात. सहावी, सातवी, आठवीची पोरं. गणित घेतात, इंग्रजी घेतात, जयंतीला भाषणं बसवतात. माझं म्हणणं आहे की ह्या पोरांना घेऊन अख्खी कादंबरी वाचा. तुकडा नाही. अख्खी. १९६७ साली बालभारती स्थापन झाली तेव्हापासून शासनाच्या पुस्तकांतून मराठी साहित्य घरोघर गेलं, हे मोठं काम झालं. पण पाठ्यपुस्तकात कादंबरीचा येतो तो उतारा. दोन-तीन पानांच्या उताऱ्यात माणूस एकदाच दिसतो, एकाच बाजूनं दिसतो. कादंबरीत तो दहा प्रसंगांत दिसतो. आईपुढं वेगळा, पाटलापुढं वेगळा, एकटा असताना वेगळा. माणूस कुठून बघतो, काय बघू शकत नाही, हे कळायला लांबी लागते.

अमेरिकेत हार्वी डॅनियल्स ह्या शिक्षकानं १९९४ साली ‘लिटरेचर सर्कल्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. पोरांचे छोटे गट, प्रत्येक गटाचं एक पुस्तक, प्रत्येकाला एक काम. कुणी प्रश्न काढायचे, कुणी उतारा शोधायचा, कुणी चित्र काढायचं. पद्धत पुष्कळ शाळांत पसरली आणि पुढं डॅनियल्सनंच सांगितलं की कामाचे कागद वाटून दिले की पोरं पुस्तक सोडून कागद भरत बसतात. आपल्याला हा धोका परका नाही. आपल्याकडं तर सगळंच शिक्षण रकाने भरण्याचं आहे. म्हणून पद्धत नंतर बघू. आधी हे बघू की पुस्तक कुठलं आणि त्यात बघणारा डोळा कुणाचा.

सुरुवात ‘श्यामची आई’पासून करा. होय, त्याच पुस्तकापासून. आपल्यातले काही मित्र म्हणतील, हे सदाशिवपेठी संस्काराचं पुस्तक आपल्या पोरांच्या हातात कशाला? मी म्हणतो, ते आधीच त्यांच्या हातात आहे. बक्षीस म्हणून मिळतं, धडा म्हणून येतं, सिनेमा म्हणून दिसतं. मग ते आपल्या डोळ्यांनी वाचायला शिकवायचं की नाही?

दृष्टिकोन शिकवायला ह्या पुस्तकाइतकं सोयीचं पुस्तक नाही. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. गोष्ट बेचाळीस रात्रींची. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे, लहान श्याम आईला बघतो आहे, आणि आई जगाला बघते आहे. एकात एक तीन डोळे. सातवीच्या पोराला हे तीन डोळे वेगळे करता आले तर त्याचं निम्मं काम झालं.

आता त्यातला मोळीचा प्रसंग घ्या. एक म्हातारी महार बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते, तिला ती एकटीला उचलत नाही आणि कुणी हात लावत नाही. श्यामची आई बघते आणि श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. श्याम जातो, मोळी देतो, आंघोळ करतो. लोक नावं ठेवतात.

वर्गात हा प्रसंग कसा शिकवतात? आई किती थोर! श्याम किती धीट! आणि ते खोटंही नाही. त्या काळात कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईनं एवढं करणं सोपं नव्हतं. साने गुरुजी पुढं १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, हेही पोरांना सांगा. माणसाचं जे आहे ते त्याला द्यावं. पण प्रसंगात तीन माणसं आहेत आणि आपण दोघांचंच मन वाचतो. आईला काय वाटलं ते कळतं. श्यामला काय वाटलं ते कळतं. मोळीवालीला काय वाटलं? ती रस्त्याच्या कडेला किती वेळ उभी होती? मोळी विकून घरी काय न्यायचं होतं? ह्या पोराच्या घरी आता पाणी तापणार आणि ते आपल्यामुळं तापणार, हे तिला ठाऊक नव्हतं? ठाऊक असून तिनं मान खाली घालून मोळी घेतली, तेव्हा तिच्या मनात आशीर्वाद होता की आणखी काही?

एका विहारात हा प्रसंग मोठ्यानं वाचून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘म्हातारीचं नाव काय?’’ पोरांनी पानं उलटली. नाव सापडलं नाही. मग ती म्हणाली, ‘‘आंघोळ सांगितली ती म्हातारीला ऐकू गेली असंल का?’’ समीक्षेची भलीभली पुस्तकं वाचून मला हा प्रश्न सुचला नव्हता. थोर आईच्या थोरपणाला धक्का न लावता ह्या पोरीनं गोष्टीची खुर्ची हलवली. आई जिथं उभी होती तिथून तिनं कॅमेरा उचलला आणि रस्त्यावर मोळीशेजारी नेऊन ठेवला.

अशा प्रश्नाला पुस्तकाच्या बाहेरची माहिती जोडून द्या, नाहीतर तो हवेत राहतो. ही आंघोळ एका घरापुरती नव्हती. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी प्यालं, तेव्हा गावच्या सवर्णांनी तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. महाड आपल्याच जिल्ह्यातलं. घरातली आंघोळ आणि तळ्यातल्या घागरी, दोन्हींमागं शिवण्याचा विटाळच आहे. एक मायेनं सांगितलेली, एक दांडगाईनं केलेली. माया आणि दांडगाई ह्यांत फरक आहे, तो पोरांना कळू द्या. आणि मोळीवालीच्या बाजूनं बघितलं तर तो फरक किती उरतो, हेही त्यांनाच ठरवू द्या.

दुसरी जोड खोतीची. श्यामचं घराणं खोताचं, उतरती कळा लागलेलं. श्यामची गरिबी वाचून पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. येऊ द्या. पण हे पुस्तक लिहिलं-छापलं जात होतं त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, चरीच्या कुळांचा संप चालू होता. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं, उपास काढले. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. खोतीचा कायदा अखेर झाला १९४९ साली. म्हणजे एका घरात खोती बुडाली म्हणून रडणं होतं आणि शेजारच्या हजार घरांत खोती बुडावी म्हणून उपास होता. दोन्हींतले अश्रू खारटच. पण दोन्ही अश्रूंचं कारण सारखं नाही. जो शिक्षक फक्त ‘दुसऱ्याचं दुःख समजून घ्या’ एवढंच सांगतो तो हा फरक पुसतो.

इथंच माझा मुख्य आक्षेप आहे. पात्राचा दृष्टिकोन शिकवणं म्हणजे हल्ली काय चालतं? प्रत्येकाची एक बाजू असते, प्रत्येकाच्या जागी उभं राहून बघा, कुणाला वाईट म्हणू नका. ऐकायला गोड. पण खोताची एक बाजू, कुळाची एक बाजू, दोन्ही तागड्या सारख्या, असा हा तराजू आहे. दृष्टिकोन म्हणजे मत नव्हे. दृष्टिकोन म्हणजे माणूस जिथं उभा आहे ती जागा. खोत ओट्यावर उभा आहे, कूळ अंगणात उभं आहे. ओट्यावरून अंगण दिसतं, अंगणातून ओट्याच्या आतलं माजघर दिसत नाही. आणि ओट्यावरच्याला दिसत असून बघावं लागत नाही, अंगणातल्याला मात्र ओट्यावरच्याची भुवईसुद्धा वाचावी लागते, कारण भाकरी त्यावर आहे. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

हे बाहेरच्या जगातही घडलं आहे. हार्पर ली ह्या गोऱ्या बाईंची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० ची कादंबरी अमेरिकेतल्या शाळांत वर्षानुवर्षं शिकवली गेली, ती ह्याच कामासाठी, दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकवण्यासाठी. गोष्ट सांगते स्काउट, वकिलाची गोरी पोर. खोटा आळ आलेला काळा माणूस टॉम रॉबिन्सन गोष्टीच्या मधोमध आहे, पण त्याच्या मनात आपण कधी शिरत नाही. वकील थोर ठरतो, टॉम मरतो. मग १९७६ साली मिल्ड्रेड टेलर ह्या काळ्या लेखिकेनं ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ लिहिली. तोच दक्षिणेचा मुलूख, तेच १९३० नंतरचे दिवस, सांगणारीही लहान पोरच. पण ही पोर काळी आहे, कॅसी तिचं नाव. तिच्या शाळेत गोऱ्यांच्या शाळेनं वापरून टाकलेली पुस्तकं येतात. आतल्या पानावर तक्ता असतो, कुठल्या वर्षी कुणाला दिलं, पुस्तकाची अवस्था काय, मुलाचा वंश कुठला. पुस्तक पार फाटल्यावर काळ्या मुलाच्या नावावर चढतं. कॅसीचा धाकटा भाऊ तो तक्ता वाचतो आणि पुस्तक फेकून देतो. स्काउटच्या डोळ्याला हा तक्ता दिसला नसता, कारण तिच्या हातात पुस्तक कोरं असताना आलेलं असतं. एवढाच मुद्दा आहे. चांगला डोळा आणि वाईट डोळा असा नाही. कुठल्या डोळ्याला काय दिसायची सोय आहे, असा आहे.

आपल्याकडं कॅसी आहे का? आहे, आणि ती पुस्तकं मुलांच्या आवाक्यातली आहेत. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही कादंबरी नाही, छोटं आठवणींचं टिपण आहे, त्याचे मराठी अनुवाद मिळतात. त्यातली १९०१ सालची गोरेगावच्या प्रवासाची आठवण घ्या. नऊ वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर, नवे कपडे घालून, साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनात उतरतो. वडलांना पत्र मिळालेलं नाही म्हणून न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी मायेनं चौकशी करतो, मग जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही बसवून घेत नाहीत. शेवटी तोड निघते, पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्यानं शेजारून पायी चालायचं. वाटेत जेवण आहे आणि प्यायला पाणी नाही.

इथं पोरांना स्टेशनमास्तर लिहायला लावा. राक्षस म्हणून नाही. तो राक्षस नव्हता, म्हणून तर तो शिकवायला उपयोगी. त्यानंच गाडीवाल्याशी बोलून तोड काढली. दयाळू माणूस, आणि तरी त्याच्या दयेला एक कुंपण आहे ते त्याला दिसत नाही. आपल्या पोरांनी हा माणूस आतून लिहिला तर उद्या ऑफिसात, कॉलेजात, हॉस्टेलवर असा गोड माणूस भेटल्यावर त्यांना तो ओळखता येईल. शत्रूला ओळखणं सोपं असतं. कुंपणाआतल्या मित्राला ओळखणं अवघड.

मग अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घ्या. १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. सरकारच्या दप्तरात फकिरा दरोडेखोर आहे, वस्तीत तो वाली आहे. एकच माणूस, दोन कागद. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला, तो १९५२ साली गेला. जन्मालाच गुन्हा ठरवणारी ही हजेरी कशी असते हे पोरं ह्या पुस्तकात बघतील. आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्या. अण्णा भाऊंनी गावच्या विष्णुपंत कुलकर्ण्याला नाव दिलं, तोंड दिलं, माणुसकी दिली. मोळीवालीला जे मिळालं नाही ते मांगाच्या लेखकानं कुलकर्ण्याला दिलं. ह्याला काय म्हणायचं ते पोरं सांगतील.

पण मित्रहो, हा डोळा फक्त परक्या पुस्तकांवर रोखला तर तो आंधळाच. आपल्या पुस्तकांनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. दया पवारांच्या ‘बलुतं’मधली (१९७८) सई काय म्हणाली असती? संशयावरून टाकलेली बाई, तिची बाजू कुठं आहे? कुमुद पावड्यांचं ‘अंतःस्फोट’ (१९८१), बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) आलं तेव्हा आपल्या घरातलं माजघर आपल्याला दिसलं. त्याआधी आपणही ओट्यावरूनच लिहीत होतो. ही पुस्तकं सातवीला नाहीत, कार्यकर्त्यांना आहेत. कट्टा चालवणाऱ्यानं ती आधी वाचावीत, मग पोरांना प्रश्न विचारायला बसावं.

आता पद्धत. दहा-बारा पोरं पुरेत. पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तरी चालतं, चौघांत एक, आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकायचं, पण बोलायचा हक्क त्यालाही तेवढाच. दर रविवारी चार प्रश्न. कोण बघतंय? त्याला काय दिसत नाही? कुणाला बोलायला मिळालं नाही? आणि तो बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गप्प बसणं हा स्वभाव नसतो, त्याची किंमत ठरलेली असते. उत्तराला पुस्तकातलं पान दाखवलं पाहिजे. पान नाही तर उत्तर नाही. तुमच्या भाषणातलं वाक्य पोरानं परत ऐकवलं तर टाळ्या वाजवू नका, पान विचारा.

एक पथ्य कडक पाळा. कट्ट्यावर निरनिराळ्या जातींची पोरं असतील तर आपल्या पोराला ‘तू सांग, तुझ्या घरी काय होतं’ असं विचारून नमुना करू नका. त्याच्या घरचं दुःख हे इतरांच्या संवेदनेचं खत नव्हे. मोळीवाली लिहायची असेल तर कुणब्याच्या, आगऱ्याच्या, ब्राह्मणाच्या पोरानं लिहावी. आपल्या पोरानं आंघोळ सांगणारी आई लिहावी. ज्याची जागा ज्याला ठाऊक नाही त्यानं ती लिहिली तरच हात चालतो.

आणि शेवटचं. पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवरून दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला जातात. पोरं आईबापामागं जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. कट्ट्यावर कोण बोललं नाही हे पुस्तकात शोधताना सतरंजीवर कुणाची जागा रिकामी आहे तेही मोजा. म्हणून कादंबरी शाळेच्या सोयीनं, मार्चच्या परीक्षेच्या हिशोबानं लावू नका. जूनमध्ये सुरू करा, दिवाळीआधी संपवा. शेवटचं प्रकरण वाचताना कातकऱ्याचं पोर सतरंजीवर असलं पाहिजे.